सोमवारचे वीस अंश

वाळूजच्या कारखान्यांच्या पट्ट्यात जो तो पळत असतो. शिफ्टला पळतो, टेम्पोमागं पळतो, साहेबानं हाक मारली की अर्धा चहा टाकून पळतो. त्या पळापळीत एक बाई होत्या, ज्या उजव्या हाताचा तळवा पुढं करून म्हणायच्या, "थांबा." समोर ड्रायव्हर असो, इंजिनिअर असो नाहीतर खुद्द मालक, आवाज चढायचा नाही आणि हात खाली यायचा नाही. सगळे त्यांना थांबाताई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या मस्टरवर होतं, आणि जिथं असायला हवं होतं तिथं कधीच नव्हतं. ते पुढं येईलच.

ताईंवर माझा जीव होता म्हणून हे लिहितेय, आणि आमच्या साहेबांवर मी डूख धरून आहे म्हणूनही लिहितेय. कशाचं प्रमाण किती ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

महिन्यापूर्वी आमच्या कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. कॉलेज स्मरणिका काढतंय. विद्यार्थ्यांना इंटर्नशिपला घेणाऱ्या उद्योजकांचा सत्कार आहे, आमच्या साहेबांना शाल-श्रीफळ आहे. "सुजाता, तू त्यांच्याच हाताखाली तयार झालीस. आज एवढ्या मोठ्या कंपनीत क्वालिटीला आहेस. साहेबांवर चार शब्द लिही, जरा आपुलकीनं." मी म्हणाले, लिहिते की. मॅडम, हे घ्या ते चार शब्द.

साहेबांची प्रयोगशाळा बजाजनगरच्या कडेला, दोन खोल्यांची. कारखान्यांत माप तपासायला जी साधनं वापरतात, ती साधनंच बरोबर आहेत का हे आम्ही तपासून द्यायचो. त्यातलं मुख्य म्हणजे गेज. पोलादाचा गुळगुळीत दांडा असतो, तो यंत्राच्या भागाला पाडलेल्या भोकात घालून बघतात. गेला तर भोक बरोबर, नाही गेला तर लहान. आता हा दांडाच घासून बारीक झाला असेल तर लहान भोकही पास होणार, म्हणून तो आमच्याकडं यायचा. पोलाद तापलं की किंचित फुगतं. डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. म्हणून मापाची खोली वीस अंशांवर ठेवायची आणि बाहेरून आलेला गेज तिथं किमान चार तास नुसता ठेवायचा, मगच मोजायचा. एवढं कळलं की आमची सगळी विद्या कळली.

काम करणारी माणसं म्हणजे ताई आणि आम्ही. दर सहामाहीला कॉलेजातून चार पोरं यायची. कॉलेजला कुठल्याशा योजनेचा निधी होता, त्यातून आम्हाला रिक्षाभाड्यापुरतं काहीतरी मिळायचं. साहेबांनी काही द्यायचं नाही, फक्त शिकवायचं, असा करार. साहेबांनी त्यातलं 'शिकवायचं' ताईंवर सोडलं होतं आणि 'द्यायचं नाही' एवढं स्वतःकडं ठेवलं होतं. पहिल्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, इथं शिकायला मिळतंय ना, तोच तुझा पगार समज." मला ते फार मोठं वाटलं होतं. सहा महिन्यांनी कॉलेजच्या फॉर्मवर 'मार्गदर्शक' या रकान्यात नाव पडायचं ते साहेबांचं. ताईंनी घडवलेल्या पोरांचे दहा-बारा तरी फोटो त्या भिंतीवर असतील, प्रत्येकात मधोमध साहेब. फोटो काढायला कॅमेरा ताईंच्या हातात द्यायचे.

माझा पहिला दिवस मला नीट आठवतो. छावणीतून येणाऱ्या शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसून, घामाघूम होऊन पोचले आणि वही-पेन काढून उभी राहिले. ताईंनी स्टूल दाखवलं. "बस."

"काय करू, ताई?"

"कायच नाय. बस नुसती. तू बी बाहेरूनच आलीस नव्हं? टेकू दे जरा अंगाला." आणि मला खरंच चार तास बसवलं, टेबलावर ठेवलेल्या गेजच्या शेजारी. मध्ये मी उठायला लागले तर तळहात पुढं आला. "पाहुणा आल्या आल्या त्याला कुणी दळणाला बसवतं का?" साहेबांनी आम्हाला राबायला आणलं होतं. पाहुण्यासारखं वागवलं ते एकट्या ताईंनी.

डब्यात त्या आठ भाकरी आणायच्या. स्वतः दीड खायच्या. उरलेल्या आमच्यापुढं सरकवायच्या, वर ठेचा, आणि कुणी नको म्हणालं की सांगायच्या, "फुकट राबणाऱ्याला उपाशी ठेवलं की तळतळाट लागतो. साहेबाच्या वाट्याचा तळतळाट मला कशाला?" हे साहेबांच्या केबिनचं दार उघडं असताना म्हणायच्या.

यावरून ताई म्हणजे साधीभोळी माउली असं कुणाला वाटलं असेल, तर त्यानं ते आत्ताच मनातून काढून टाकावं. बाई लई खुनशी होत्या. एका कंपनीच्या खरेदीवाल्यानं त्यांना एकदा "ए बाई, आटप लवकर" म्हटलं होतं. त्यानंतर तीन वर्षं त्या कंपनीचा गेज आला की ताई तो पूर्ण एक दिवस आणि एक रात्र टेकवायच्या. तो माणूस फोनवर रडकुंडीला यायचा. ताई शांतपणे सांगायच्या, "नियमात किमान चार तास लिव्हलंय. जास्तीत जास्त किती, ते कुठं लिव्हलंय दाखवा." फोन ठेवून मला म्हणायच्या, "माणसाला नियमानं मारावं. वळ उठत नाय."

सगळ्यात जुनी खुन्नस साहेबांवर होती. आयटीआय करून ताई त्या खोलीत आल्या, रिकाम्या खोलीची प्रयोगशाळा त्यांनी केली. साहेबांनी कबूल केलं होतं की पुढं प्रमाणपत्रावर सही तुमची राहील, पोरांच्या फॉर्मवर नाव तुमचं राहील. अकरा वर्षं ते 'पुढं' आलं नव्हतं. संध्याकाळी काम संपलं की ताई गेज मऊ कापडानं पुसायच्या, बोटानं तेल लावायच्या आणि लाकडी डबीत ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवायच्या. ते करता करता एकदा म्हणाल्या, "राग बी असाच ठेवावा बघ. पुसून, तेल लावून, डबीत. उघडा टाकला की गंजतो. आन तापलेला असताना मोजू नये. जास्त भरतो." मी विचारलं, साहेबांवरचा कधी काढणार? "नंबर लागलाय त्यांचा," ताई म्हणाल्या आणि डबीचं झाकण लावलं.

एकदा माझा एक आकडा चुकला, तो मी गिरवून गिरवून काळा केला. ताईंनी रजिस्टर समोर ओढलं. त्या रजिस्टरात खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. "चुकायची लाज नाय," त्या म्हणाल्या. "झाकायची हाय. रेघ मारून सही करणाऱ्याला कुणी काय करू शकत नाय." त्या दिवशी माझ्याकडून कोऱ्या कागदावर वीस चुका लिहून घेतल्या आणि विसांवर रेघा मारून घेतल्या. मला हसू येत होतं, त्यांना नाही.

मग तो सोमवार आला. ऐन वैशाखातला.

शनिवारी संध्याकाळी साहेब वीज वाचावी म्हणून खोलीचा एसी बंद करायला लावायचे. सोमवारी ताई सकाळी सातला येऊन तो सुरू करायच्या, खोली वीसवर येईपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. त्या सोमवारी ताई रजेवर होत्या, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ताई नसतील त्या दिवशी मोजमाप करायचं नाही असा लेखी नियम होता. मी साडेनऊला पोचले तेव्हा साहेब नुकताच एसी लावत होते. भिंतीवरच्या तापमापकावर सत्तावीस पॉइंट चार. बाहेर टेम्पो उभा, आणि ड्रायव्हरनं पुढच्या काचेपाशी उन्हात ठेवून आणलेला गेज माझ्या हातात. हाताला चांगलाच गरम लागत होता.

"बेटा, वीस लिही," साहेब म्हणाले. "एसी लावलाय, येतंयच खाली."

"सर, ताई म्हणतात थांबायचं."

"ताई रजेवर आहेत." आणि हसत हसत पुढं म्हणाले, "तुझ्या फॉर्मवर सही ताई करणार आहेत का?"

मी वीस लिहिलं. माझ्या पेननं, माझ्या अक्षरात, खाली माझी आद्याक्षरं. गेज मोजला. तो घासून बारीक झालेला होता, पण उन्हानं फुगला होता, त्यामुळं बरोबर भरला. साहेबांनी प्रमाणपत्रावर सही ठोकली आणि टेम्पो गेला.

मंगळवारी मी ताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. सरळ साहेबांकडं गेल्या, गेज परत मागवा म्हणाल्या. साहेब म्हणाले, मागवतो. मग मस्टर पुढं केलं आणि ताईंकडून सोमवारची हजेरी भरून घेतली, कारण त्यांच्याशिवाय खोली चालली हे कागदावर दिसून चाललं नसतं. मी विचारलं, रजिस्टरात रेघ मारू का? साहेबांनी रजिस्टर उचलून केबिनमध्ये नेलं. गेज त्यांनी कधीच मागवला नाही.

तीन आठवड्यांनी, गेज ज्या कंपनीचा होता तिची अख्खी खेप गिऱ्हाइकाकडून परत आली. सगळी भोकं लहान. त्यांचा इंजिनिअर आला, साहेबांनी कॉलेजच्या मॅडमना बोलावून घेतलं, आणि आम्ही सगळे त्या मापाच्या खोलीत उभे राहिलो. साहेबांनी रजिस्टर उघडून माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "मी तर या मुलांना पोटच्या पोरांसारखं सांभाळतो. पण हल्लीच्या पिढीला घाई फार." खोटी नोंद केली तर इंटर्नशिप रद्द, असा कॉलेजचा नियम होता. मॅडम मला हळू आवाजात म्हणाल्या, "सुजाता, तुझं वर्ष जाईल गं." वर्ष गेलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. पप्पा कंत्राटावर होते, त्यांच्याकडं आणखी एक वर्ष मागायला माझं तोंड उघडलं नसतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच.

तो इंजिनिअर आमच्या साहेबांकडं बघतच नव्हता. तो ताईंना ओळखून होता. "ताई, तुम्ही सांगा. त्या सोमवारी या खोलीत तापमान किती होतं?"

अकरा वर्षं तेल लावून ठेवलेली डबी उघडायची हीच वेळ होती. एकच वाक्य पुरे होतं: मी रजेवर होते, साहेबांनी खोटं लिहायला लावलं. प्रयोगशाळेला टाळं लागलं असतं. नियमानं मेले असते साहेब, वळही उठला नसता. साहेबांचा चेहरा मी बघितला आहे तेव्हाचा, पांढरा पडला होता. पण त्या वाक्यानं नोंद खोटी ठरली असती, आणि नोंद माझ्या अक्षरात होती. ताईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा तळहात वर आला नाही.

"वीसच होतं," ताई म्हणाल्या. "मी होते की. मस्टरवर सही हाय माझी. गेज टेकू दिला नाय, पोरीला म्हणलं मोज लगेच. घाई झाली माझ्याकडून."

थांबाताईंकडून घाई झाली. खोलीतल्या प्रत्येकाला ते खोटं आहे हे कळत होतं. इंजिनिअरला कळत होतं, साहेबांना कळत होतं. मॅडम, तुम्हालाही कळलं असणार, पण तुम्ही रजिस्टर मिटलंत आणि पर्स उचललीत. आणि मी गप्प बसले. घाबरले होते, लहान होते, असं काही सांगत नाही. मला पास व्हायचं होतं, म्हणून गप्प बसले.

त्या शनिवारी ताईंना काढलं. प्रमाणपत्र चुकवलेल्या बाईला दुसऱ्या प्रयोगशाळेत कोण घेणार? मला साहेबांनी 'उत्कृष्ट' शेरा दिला, शंभरापैकी शहाण्णव. तोंड बंद ठेवण्याचे ते गुण होते, आणि मी ते घेतले.

ताई शहागंजात भावाच्या दुकानात बसायला लागल्या. तराजू आणि वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. मी भेटायला गेले तेव्हा एका भाजीवाल्याचा काटा खोलून बसल्या होत्या. मी रडले, म्हणाले, ताई, मी उद्याच जाऊन खरं सांगते. तळहात पुढं आला.

"थांब. आत्ता सांगून तू बी बुडशील आन माझं केलेलं वाया जाईल. आधी पास हो. नोकरीला लाग. पाय रोव. मग बोल." मी उठले तेव्हा काट्यावरची नजर न काढता पुन्हा म्हणाल्या, "पण बोल बरं का."

मी पास झाले. नोकरी लागली. मग वाटलं, कायम झाल्यावर बोलू. कायम झाले, मग वाटलं, बढतीनंतर. मग भावाचं शिक्षण, मग माझं लग्न. थांबायला तर मी त्यांच्याकडूनच शिकले होते, आणि थांबण्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. आधी महिन्याला शहागंजात जायचे, मग सणासुदीला, मग फोनवर. ताईंनी एकदाही विषय काढला नाही. गेज चार तास टेकवायचा असतो. मी आठ वर्षं लावली.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं. दुकानात गेले तर भाऊ म्हणाला, "तुम्हीच का सुजाता? शेवटी शेवटी रोज इचारायची. सुजी बोलली का कुठं, म्हणून. आम्हाला काय कळायचं नाय, कशाबद्दल ते."

त्यानंतर मॅडमचा फोन आला, आपुलकीनं लिही म्हणून. लिहायच्या आधी, गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला, मी त्या प्रयोगशाळेत गेले. साहेब आमच्या कंपनीचं काम मागतायत, त्यामुळं दार लगेच उघडलं. आत एक कॉलेजची मुलगी रजिस्टर लिहीत होती. भिंतीवर सव्वीस होतं, रजिस्टरात वीस. साहेब मागून म्हणाले, "बेटा, या मॅडमना पाणी दे." मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिचं नाव मी कुठंही लिहिणार नाही. ती नोंद तिची नाही, साहेबांची आहे.

साहेब, तुम्ही हे वाचालच. स्मरणिकेत छापलं नाही तरी वाचाल, कारण याच्या तीन प्रती मी केल्या आहेत. एक मॅडमना. एक, तुम्हाला मान्यता देणाऱ्या कार्यालयाला. आणि एक आमच्या कंपनीला, सोबत माझा स्वतःचा जबाब, की मी विद्यार्थी असताना खोटी नोंद केली आणि आठ वर्षं झाकली. क्वालिटीच्या खुर्चीत बसलेल्या बाईचं त्यानंतर काय होतं ते मला माहीत आहे. शाल घ्यायला स्टेजवर जाल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन. तुमचा चेहरा पुन्हा एकदा पांढरा पडलेला मला बघायचा आहे. हे मी लपवत नाही.

ताई म्हणायच्या, राग तापलेला असताना मोजू नये, जास्त भरतो. मी थंड होऊ दिला, मग मोजला. एक मायक्रॉनसुद्धा कमी भरला नाही. फक्त एवढं कळलं की सगळा साहेबांवरचा नाही. निम्मा माझ्यावरचा आहे, आणि तो काढायला माझ्याकडं एकच जागा उरली आहे. रजिस्टर साहेबांकडं आहे, म्हणून इथं लिहिते. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारली आहे असं समजावं.

सोमवार, सकाळी साडेनऊ. खोलीचं तापमान: वीस अंश. चूक. सत्तावीस पॉइंट चार.

नोंद करणारी: सुजाता.

मार्गदर्शक: थांबाताई. त्या दिवशी रजेवर होत्या.